संगणकाचे अंगभूत कवच : पुरेसे की अपुरे?

घरातील संगणक आता केवळ मुलांच्या अभ्यासापुरता राहिलेला नाही. दुकानाचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, विम्याची कागदपत्रे, लग्नकार्याची छायाचित्रे, परदेशातील नातवंडांशी होणारी रविवारची भेट, असा अर्धा संसार त्या एका यंत्रात सामावलेला असतो. त्यामुळे अँटीव्हायरसची मुदत संपल्याची सूचना पडद्यावर झळकली, की घरातील कर्त्या माणसापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. पुन्हा पैसे भरावेत, की विंडोजमध्ये आधीपासूनच असलेल्या संरक्षणावर विसंबावे?

एके काळी या प्रश्नाला एकच उत्तर होते. १९९० च्या दशकात फ्लॉपीबरोबर व्हायरस एका संगणकातून दुसऱ्यात जात आणि विंडोजपाशी त्यावर उपाय नसे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी याच गरजेतून जे काम उभे केले, ते पुढे ‘क्विक हील’ या नावाने घरोघरी पोहोचले. अँटीव्हायरस विकत घेण्याची सवय मराठी घरांना त्या काळात लागली आणि तेव्हा ती सर्वस्वी योग्यच होती.

पुढे परिस्थिती पालटली. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेला ‘विंडोज डिफेंडर’ केवळ हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रामांपुरता मर्यादित होता. २०१२ मधील विंडोज ८ पासून मात्र तो परिपूर्ण अँटीव्हायरस म्हणून संगणकाबरोबरच मिळू लागला. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ ही प्रयोगशाळा अशा प्रोग्रामांना संरक्षण, वेग आणि वापरातील सुलभता या तीन कसोट्यांवर प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडरने तेथे अनेकदा पूर्ण गुण मिळवले आहेत. सर्वसाधारण घरासाठी हे कवच पुरेसे आहे, असे म्हणण्यास म्हणूनच भक्कम आधार आहे. मात्र त्याला काही अटी आहेत आणि खरी गोम त्या अटींतच आहे.

कुलूप चांगले, पण भिंतीला भगदाड

पहिली अट अद्ययावततेची. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर थैमान घातले. संगणकातील फायली कुलूपबंद करून तो त्या सोडवण्यासाठी पैसे मागत असे. ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, त्यांच्या संगणकांना ही झळ लागली नाही.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे. अशा संगणकावरील डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती पुढेही मिळत राहील. पण मूळ प्रणालीतील नव्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या नियमितपणे मिळणार नाहीत. त्यासाठी मुदतवाढीच्या योजनेत नोंदणी करावी लागते, अन्यथा विंडोज ११ कडे वळावे लागते. भिंतीला भगदाड पडलेले असताना दाराला दुसरे कुलूप लावून घर सुरक्षित होत नाही. अशा घराने अँटीव्हायरसवरील खर्चाआधी या गोष्टीचा विचार करावा.

जेथे घरचाच माणूस दार उघडतो

दुसरी अट अधिक कठीण आहे. ‘आपल्या अँटीव्हायरसच्या नूतनीकरणाची रक्कम खात्यातून वजा होत आहे, नको असल्यास या क्रमांकावर संपर्क साधावा,’ अशा आशयाचा ईमेल येतो. घाबरलेला वडीलधारा माणूस फोन करतो. पलीकडचा आवाज अत्यंत आर्जवी असतो. पैसे परत करण्यासाठी म्हणून तो संगणकाचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एक ॲप घ्यायला सांगतो, आणि काही मिनिटांत बँकेचे खाते रिकामे होते. ते ॲप स्वतः व्हायरस नसते. कार्यालयांत ते रोज वापरले जाते, त्यामुळे फुकटचा असो वा महागडा, अँटीव्हायरस बहुधा त्याला हरकत घेत नाही. व्हायरसच्या भीतीचाच येथे सापळा झालेला असतो.

चोरीच्या सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. हिशेबाचा किंवा छायाचित्रांचा महागडा प्रोग्राम ‘क्रॅक’ करून फुकट देणारे पहिली सूचना देतात ती अँटीव्हायरस बंद करण्याची. पहारेकऱ्याला आपणच रजा दिल्यावर तो कितीही निष्णात असला तरी काय करणार?

पैसे कोणी मोजावेत?

डिफेंडरची बरीचशी शक्ती इंटरनेटवर अवलंबून असते. संशयास्पद फायलीची शहानिशा तो मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ यंत्रणेकडून करून घेतो. ज्या संगणकाला इंटरनेट क्वचितच मिळते, पण झेरॉक्सच्या दुकानातून किंवा कर सल्लागाराकडून आलेले पेन ड्राइव्ह सतत लावले जातात, तेथे वेगळा अँटीव्हायरस घेणे सयुक्तिक ठरते. दुकानातील चार-पाच संगणक एकमेकांस जोडलेले असतील, किंवा अडचणीच्या वेळी मराठीत बोलणारा माणूस हवा असेल, तरीही तो खर्च वावगा नाही. दोन अँटीव्हायरस मात्र एकाच वेळी चालवू नयेत. वेगळा घेतला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो.

फुकट मिणाऱ्या इतर अँटीव्हायरसांबाबत विवेक बाळगावा. वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल ‘अवास्ट’ या कंपनीस अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले.

अर्ध्या तासाचे काम

एखाद्या रविवारी घरातील जाणत्या मुलाने वा सुनेने वडिलांशेजारी बसून काही गोष्टी पाहाव्यात. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून सर्वत्र हिरवी खूण आहे ना, ‘विंडोज अपडेट’मध्ये काही प्रलंबित नाही ना, हे तपासावे. रोजच्या वापरासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले साधे खाते ठेवावे.

सर्वांत मोलाचे काम नकलेचे. जुने व्यापारी रोजमेळ लिहीत आणि त्यावरून खतावणीही उतरवीत, त्यामुळे एका वहीचे पान गेले तरी बरीच नोंद दुसरीत सापडे. तद्वत हिशेब व छायाचित्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर दर आठवड्याला घ्यावी आणि काम संपताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती जोडलेलीच राहिली, तर खंडणीखोर प्रोग्राम तिच्यातील फायलीही कुलूपबंद करतो.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. जितक्या लवकर कळेल, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक. त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना आधीच एक शब्द दिलेला असावा, की चूक झाली तरी कोणी रागावणार नाही, फक्त लगेच सांगावे. हा भरवसा कोणत्याही अँटीव्हायरसबरोबर विकत मिळत नाही. तो घरातच द्यावा लागतो.