घाटातल्या रुळाची झीज

कर्जतला गाडी थांबते, खिडकीतून वडा आत येतो आणि मागून डब्यांना बारीकसा धक्का बसतो. बँकर लागले, म्हणजे चढावर मागून ढकलणारी इंजिनं. इथून लोणावळा २८ किलोमीटर, आणि घाटातला चढ ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे सरकायचं तर एक मीटर वर चढायचं. जेम्स बर्कली यांनी आखलेला बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. गाडीची दिशा उलटवणारं खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९मध्ये बंद झालं. बोगद्यांवर पुष्कळ लिहून झालंय. रुळाकडे मात्र सहसा कोणी वाकून बघत नाही.

बघावं ते वळणावर, बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला. (फलाटावरून दिसेल तेवढंच, खाली उतरायचं नाही.) मीटरला ६० किलो भरणाऱ्या नव्या रुळाचा माथा ७२ मिलिमीटर रुंद असतो, कोपरे गोल. वळणावर मुरलेल्या रुळाचा आतला कोपरा मात्र रंधा मारल्यासारखा तिरका आणि चकचकीत झालेला असतो. आगगाडीची दोन चाकं एकाच आसाला पक्की बसवलेली. वळणावर आस सरळच जाऊ पाहतो आणि चाकाची कड बाहेरच्या रुळाला घासत घासत वळते. आतल्या रुळाचं दुखणं वेगळं. वेगाच्या गाड्यांसाठी बाहेरचा रूळ उचललेला असतो, त्यामुळे रेंगाळत चढणाऱ्या मालगाडीचा भार आतल्या रुळावर कलतो आणि त्याचा माथा चेपतो. चढावर चाक जागीच फिरलं तर रूळ भाजतो. उतारावर ब्रेक लागले की अख्खा रूळच घाटाखाली सरकू पाहतो.

झीज कुठे होणार हे आधी सांगणारं जुनं साधन म्हणजे एक दोरी. २० मीटरची. बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूने ती ताणायची आणि मधोमध दोरी व रूळ यांच्यातलं अंतर पट्टीने मोजायचं. ४०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ते १२५ मिलिमीटर भरतं. दर १० मीटरला हेच. आकडे सारखे आले तर वळण सुबक. मध्येच कुठे १२५चे १४० झाले, तर चाक तिथे आदळणार आणि रूळ तिथेच आधी खाल्ला जाणार. आता मोजणी करणाऱ्या गाड्या धावतात, पण गणित दोरीचंच.

उपाय म्हणजे ग्रीस. बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला ग्रॅफाइटचं काळं ग्रीस चोपडतात. तोच लेप दोन बोटं वर सरकून माथ्यावर आला, तर चढावर इंजिनाची चाकं गरगर फिरतात आणि उतारावर ब्रेक धरत नाहीत. त्यात मावळातला पाऊस लेप धुऊन नेतो तो वेगळाच.

पण मला खरं नवल वाटतं ते पुढेच. थोडी झीज रुळाला वाचवते! चाकांच्या दाबाने रुळाच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा पडत असतात. रूळ घासला जातो तेव्हा त्या वाढायच्या आतच निघून जातात. ग्रीसने घासणं थांबवलं की भेगांना उसंत मिळते. त्यांत पाणी शिरलं तर चाकाखाली दाबलं जाऊन तेच भेग फाकवतं. म्हणून ग्राइंडिंग मशीन आणून मिलिमीटरचा अंश मुद्दाम तासायचा. झीज वाचवायला ग्रीस लावायचं आणि ग्रीस लावल्यावर पुन्हा हाताने झीज करायची, असा हा संसार.

झीज पट्टीने मोजता येते, आतली भेग नाही. तिच्यासाठी रुळावरून एक छोटी ट्रॉली ढकलतात. पाण्याच्या पातळ थरातून ध्वनिलहरी रुळात उतरतात आणि तळावरून परततात. प्रतिध्वनी मधूनच आला किंवा आलाच नाही, तर आत काहीतरी आहे. गंमत अशी की माथा तिरका झालेला असला तर यंत्राचा प्रोब नीट बसत नाही. म्हणजे जिथे शंका जास्त तिथेच नजर अधू. लक्ष ठेवण्याजोग्या दोषावर लाल रंगाची एक फुली मारतात, ताबडतोब काढायच्या दोषावर तीन. तीन फुल्या पडल्या की रूळ बदलेपर्यंत तिथे जोगल फिशप्लेट, म्हणजे रुळाला दोन्ही बाजूंनी जखडणाऱ्या पोलादी पट्ट्यांची जोडी, आवळून ठेवायची. मधल्या काळात कीमन आहेच, हातोडी घेऊन आपल्या हद्दीत रोज चालणारा.

एका अंगाने झिजलेला रूळ लगेच भंगारात जात नाही. डावा उजवीकडे नेतात, म्हणजे कोरी बाजू चाकाला मिळते. तीही तासली गेली की रूळ उतरतो आणि बरेचदा कुंपणाचा खांब होऊन उभा राहतो. त्याच्या माथ्यावरून बोट फिरवलं, तर दोन्ही कडांना उतार लागतो.