वार्धक्याकडून बालपणाकडे

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगत ट्युरिटॉप्सिस डोर्नी नांवाचा जेली-मासा आढळतो. मासा हें केवळ म्हणण्यापुरतें. ह्यास ना कणा, ना मेंदू. शरीर म्हणजे ५ मिलिमीटरांहून लहान, कांचेसारखी घंटा; आंत लोलकाच्या जागीं तांबडें जठर, कांठास शुंडांची झालर. अंड्यांतून निघालेला डिंभ तळाशीं चिकटतो, त्याची झाडासारखी वसाहत होते व तिला कळ्यांप्रमाणें नव्या घंटा फुटतात. येथवर सारें भाऊबंदांसारखेंच. परंतु उपासमार, इजा किंवा वार्धक्य ओढवलें, कीं घंटा आक्रसून तळाशीं बसते, आणि थोड्याच दिवसांत तिचीच पुन्हां वसाहत होऊं लागते! पेशी जुनें काम टाकून नवें पत्करतात. फुलपाखरानें सुरवंट व्हावें, तसें. पिराइनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें १९९६ सालीं सविस्तर मांडलें. ह्यास 'अमर' म्हणणें मात्र उतावळेपणाचें. कित्येक घंटा त्यापूर्वींच माशांच्या पोटांत जातात.