टोपलीतले पनीर आणि नाशिकची द्राक्षे

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत इतकी रुळली आहे की, ती मुळात गुजराती आहे हेही आपण विसरून गेलो आहोत. त्या जेवणातला एक पदार्थ मात्र आपल्या स्वयंपाकघरांत फारसा शिरला नाही. तो म्हणजे सुरतेच्या पारशांचे टोपली-पनीर. रसिक वाचकांपुढे आज तेच ठेवावयाचे आहे आणि त्याच्या जोडीला, कोणी रागावणार नसेल तर, थोडी द्राक्षांची वारुणीही.

हे पनीर म्हणजे बाजारात मिळते ती पांढरी वीट नव्हे. लिंबाने दूध फाडून, वर वजन ठेवून ते होत नाही. कोमट दुधाला रेनेट लावतात. पूर्वी ते प्राण्यांच्या जठराच्या अस्तरापासून काढीत. आता वनस्पतिजन्यही मिळते. दूध अलगद थिजले की ते इवल्याशा टोपल्यांत निथळत ठेवायचे आणि तयार झालेल्या वड्या खारवलेल्या निवळीत मुरवायच्या. टोपलीच्या विणीची नक्षी अंगावर घेऊन वडी बशीत उतरते आणि चमचा लागताच थरथरते.

आमच्या घरी हे पनीर दर थंडीत येई. माझे वडील, आप्पा, सतराव्या वर्षी बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात तंबोऱ्याच्या साथीला लागले, आणि वर्ष पुरते होते न होते तोच, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. पुढचा सारा संसार त्यांनी शिकवण्यांवर केला. सुरतेच्या एका पारशी शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून पनीर पाठवण्याचा प्रघात पाडला, तो पुढे त्याच्या मुलानेही चालू ठेवला. आम्हा दोघा भावांत सर्वांत मोठी वडी नेहमी दादाची.

त्या दादाने गाणे सोडले आणि नाशिककडे एका वाईनच्या कारखान्यात नोकरी धरली. “गवयाच्या घरातला पोरगा दारूच्या भट्टीवर!” एवढेच आप्पा म्हणाले, आणि त्यानंतर अकरा वर्षे त्याच्याशी बोलले नाहीत. गेल्या माघात सुरतेहून पनीर तयार असल्याचा निरोप आला. आप्पा आता नव्वदीच्या पलीकडे आहेत. म्हणाले, “या खेपेला इथे आणू नकोस. त्याला आवडायचे.” कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

१९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावरही आपल्याकडे कायम राहिला. तेव्हा वारुणीने पनीराकडे यायचे नाही; पनीरानेच वारुणीकडे गेले पाहिजे. निवळीचा डबा बर्फात ठेवून मी सुरतेहून निघालो, सापुताऱ्याचा घाट चढलो आणि वणी-दिंडोरीवरून नाशकात उतरलो.

खुद्द सुरतेला मात्र वारुणी नवी नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने इंग्रज वखारीच्या पंगतीचे वर्णन लिहिले आहे, त्यात शिराझचे मद्य आहे. ते इराणातून येई. आज नाशकाला पिकणाऱ्या ‘शिराझ’ द्राक्षाचे नाव तेच असले, तरी कूळ फ्रान्सचे, असे जनुकीय परीक्षेने ठरले आहे. घराण्याचे नाव लावणारे सारेच त्या घराण्याचे नसतात, हे गवयांना वेगळे सांगायला नको.

दादाने डबा उघडला, वडीवरची नक्षी पाहिली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हजार रुपयांच्या आतल्या तीन-चार बाटल्या मांडून म्हणाला, “मास्तर, वादी-संवादी शिकवतोस ना? मग आता चाखून बघ.”

पहिल्यांदा त्याने मुद्दामच लाल शिराझ दिली. पनीर बिचारे कुठल्या कुठे गेले आणि जिभेवर कडवटपणा उरला. लाल वाईनमध्ये सालीबियांतून उतरलेले टॅनिन असते. कच्च्या जांभळाने जीभ आखडते, तसा त्याचा तुरटपणा. कोवळ्या, ओल्या पनीराला तो सोसत नाही. तीच शिराझ जुन्या, मुरलेल्या चेडरबरोबर मात्र मऊ लागली, कारण तिथे स्निग्धता आणि मीठ त्या तुरटीला आवरतात. मग आली थंड केलेली चेनिन ब्लांक: पांढरी, आंबटसर, किंचित गोड. पनीराचा खारटपणा आणि तिचा गोडवा असे जुळले, जसा भूपातल्या गंधाराला धैवत. शेळीच्या दुधाच्या चीजला सोव्हिन्याँ ब्लांक द्यावी, ही फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्याची जुनी रीत. निळ्या बुरशीच्या उग्र चीजला गोड पोर्ट. इंग्रज तशी स्टिल्टनबरोबर घेतात, आपल्याला गोव्याची स्वस्त पोर्टही चालते. आणि आणंदच्या डेअरीचे साधे, खारट चीज? त्यालाही चेनिनच.

“संशय आला तर पांढरी घे,” दादा म्हणाला. “बहुतेक चीजना तीच सांभाळून घेते. चीज अर्धा तास आधी बाहेर काढ. आणि लाल वाईन आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवू नकोस, थोडी गार कर. किंमत बघायची ती शेवटी.”

मी दोन घोटांवर थांबलो. दादाने तीन वड्या संपवल्या. निघताना त्याने रिकामा डबा धुऊन त्यात द्राक्षे भरून दिली. “याला तुमच्या सरकारची हरकत नाही ना?” इतकेच बोलला.

आप्पांनी एक मणी तोंडात टाकला. “गोड आहेत.” मग थोड्या वेळाने, “कशाबरोबर खाल्ले त्याने पनीर?”

मी खरे ते सांगितले.

“जुळले?”

“जुळले, आप्पा.”

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “पुढच्या थंडीत टोपली इथेच येऊ दे. त्यालाही कळव. ती दुसरी वस्तू तेवढी तिकडेच ठेवून ये म्हणावे.”

निरोप मी त्याच रात्री दादाला कळवला. सुरतेला तर पत्र टाकून दोन वड्या जास्त सांगितल्या आहेत.