कलाशिक्षकाची बदलती दृष्टी : शंकर पळशीकर

प्रस्तावना

सर्जनशीलता ही जन्मजात देणगी आहे की ती शिक्षणाने घडते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासात आपल्यापुढे वारंवार येतो. कलाशिक्षणात या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, हे चित्रकार आणि शिक्षक शंकर पळशीकर यांच्या वाटचालीच्या आधारे आपण पाहू.

पळशीकरांची वाटचाल

पळशीकरांचा जन्म १९१७ साली भंडारा जिल्ह्यातील साकोली येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४७ मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीत मिळविली. प्रौढ वयात शिकणाऱ्या आपणांस ही बाब आश्वासक वाटेल. पुढे ते तेथेच शिक्षक झाले आणि १९६८ ते १९७५ या काळात अधिष्ठाता होते. यथार्थदर्शी व्यक्तिचित्रणावर त्यांचे प्रभुत्व होते. जगन्नाथ अहिवासी यांच्या प्रभावाने ते भारतीय लघुचित्रशैलीकडे वळले आणि नंतर भारतीय तत्त्वचिंतनाच्या आधारे अमूर्त चित्रणाकडे गेले.

दृष्टीच्या तीन पायऱ्या

या वाटचालीतून कलाशिक्षणाच्या तीन पायऱ्या स्पष्ट होतात. त्या समजून घेण्यासाठी त्याच जिल्ह्यातील चिखला हे मँगनीज खाणीचे गाव डोळ्यांसमोर आणा. समजा, तेथील शाळेत शिक्षकांनी मँगनीजचा काळा दगड वर्गासमोर ठेवला.

१. अनुकरण : दगडाचा आकार आणि छायाप्रकाश अचूक उतरविणे. येथे हात व डोळा तयार होतात.

२. परंपरा : पूर्वीच्या चित्रकारांनी रेषा व रंग कसे योजले, हे जाणणे. फ्रान्समधील लास्को गुहेच्या भिंतींवर आदिमानवाने मँगनीजयुक्त काळा रंग वापरला होता, हे कळताच समोरचा दगड निराळा दिसू लागतो.

३. आत्मशोध : ‘तुला यात काय दिसते?’ असे विचारणे. खाणकामगाराच्या मुलीला त्या काळ्या रंगात वडिलांचे हात दिसतील. हे उत्तर शिक्षक तिला देऊ शकत नाही; ते उमटण्यास अवकाश मात्र देऊ शकतो.

तिसरी पायरी पहिल्या दोन्हींना रद्द करीत नाही. हात तयार नसेल, तर दिसलेले कागदावर उतरत नाही. आणि केवळ हात तयार असेल, तर कागदावर दुसऱ्याचेच उतरते.

निष्कर्ष

शिक्षकाची कसोटी विद्यार्थ्यांच्या कामात लागते. अकबर पदमसी आणि प्रभाकर कोलते हे दोघेही पळशीकरांचे विद्यार्थी. परंतु पदमसींची निसर्गाशी नाते सांगणारी चित्रे आणि कोलते यांची अमूर्त चित्रे परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. गुरूची छाप नव्हे, तर स्वतःची वाट सापडणे हे अशा अध्यापनाचे फलित होय. कोलते यांनी पुढे त्याच संस्थेत अध्यापन केले. लेखन शिकताना आणि शिकविताना हेच सूत्र आपणांस उपयोगी पडेल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

आपल्या परिसरातील एखादी नित्याची वस्तू निवडून वरील तीन पायऱ्यांनी तिचे वर्णन करा. तिसऱ्या वर्णनात पहिल्या दोहोंत नसलेले काय आले, ते नोंदवा.