लेझर आणि ‘बिनरक्ताचं’ ऑपरेशन

प्रोस्टेटच्या ऑपरेशनबद्दल एक वाक्य हल्ली पेशंटच डॉक्टरांना ऐकवतात: ‘लेझरनं करा, म्हणजे रक्ताचा थेंबही जात नाही.’ जाहिरातींनी ते पाठ करून घेतलं आहे. ना चिरा, ना टाका, ना रक्त! यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या, पण त्यांचं श्रेय लेझरचं नाही. दुर्बिणीतून होणारं जुनं ऑपरेशन, म्हणजे टीयूआरपी, तेही मूत्रमार्गातूनच होतं. पोटावर चिरा त्यातही नसतो. तिसरी गोष्ट मात्र साफ खोटी आहे.

वाढलेल्या प्रोस्टेटला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. लेझर कापता कापता तिथलाच पातळ थर तापवतो आणि बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं बंद करतो. होल्मियम लेझरची उष्णता सुमारे 0.4 मिलिमीटर इतकीच आत जाते. 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर तर रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येच शोषला जातो. इथपर्यंत जाहिरात बरोबर आहे. पण जरा जाड धमनी किंवा प्रोस्टेटच्या कवचालगतची उघडी पडलेली शीर आपोआप मिटत नाही. होल्मियमनं गाठ सोडवताना, म्हणजे होलेपमध्ये, संत्र्याचा गर सालीपासून सुटावा तशी गाठ कवचापासून वेगळी करतात. कवचातून गाठीत शिरणारी प्रत्येक रक्तवाहिनी त्यात कापली जाते. पडद्यावर लाल चिळकांडी दिसते. सर्जन लेझरचा फायबर किंचित मागे घेतो, तिथंच रोखतो आणि ती बंद करतो. हे काम नीट झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सुटलेली गाठ मूत्राशयात ढकलून मॉर्सेलेटरनं बारीक करून ओढून घेतात. तेव्हा रक्तानं पाणी गढूळ असेल, तर पातं मूत्राशयाच्या भिंतीला लागू शकतं. म्हणजे लेझर ऑपरेशनचा निम्मा जीव रक्त थांबवण्यातच असतो, आणि लोकांना सांगितलं जातं की रक्त नसतंच!

मग लेझरचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो मोजलेला आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात टीयूआरपी झालेल्या 10,654 पुरुषांची पाहणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 2.9 टक्के पेशंटना रक्त चढवावं लागलं होतं. लेझरमध्ये हे प्रमाण सहसा याहून कमी असतं. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढंच म्हणणं आहे.

या थापेचा खरा त्रास ऑपरेशननंतर होतो. पेशंट वॉर्डात येतो, तीन तोंडांची नळी लावलेली, वरून सलाईननं धुलाई चालू, आणि खाली पिशवीत गुलाबी पाणी. नातेवाईक पिशवीकडे बघतात आणि सिस्टरना गाठतात: ‘तुम्ही तर लेझर म्हणाला होतात!’ लिटरभर लघवीचा रंग बदलायला एक मिलिलिटर रक्त पुरतं. फिकट गुलाबी पाण्यानं घाबरू नये. पाणी गडद लाल होऊन गुठळ्या येऊ लागल्या, तर लगेच सांगावं.

दुसरा धक्का घरी बसतो. आतल्या जखमेवर धरलेली खपली साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुटते आणि स्वच्छ झालेली लघवी पुन्हा लाल होते. शौचाला जोर केला, गॅस सिलिंडर उचलला, दुचाकीवरून खड्ड्यांतून फेरी मारली, की हमखास. भरपूर पाणी प्यायल्यावर आणि आराम केल्यावर बहुतेकदा ती निवळते. हे आधी सांगितलं असतं, तर रात्री एक वाजता घरात रडारड झाली नसती.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ‘लेझर आहे, मग गोळ्या चालू राहिल्या तरी काय बिघडतं’ म्हणून काही जण डॉक्टरांना सांगतच नाहीत. काही जण उलट, शेजाऱ्याच्या सल्ल्यानं आठवडाभर आधीच बंद करतात. दोन्ही धोक्याचं. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्या पेशंटसाठी लेझरच्या पद्धतींचा विचार करावा, असं अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, हे खरं. पण अशा पेशंटना लेझरनंतरही इतरांपेक्षा जास्त रक्त जाऊ शकतं. आणि हृदयाच्या धमनीत नवा स्टेंट बसलेल्या माणसानं परस्पर गोळी सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. लघवीतलं रक्त बहुतेक वेळा थांबवता येतं. दोन्ही धोक्यांचं गणित फार वेगळं आहे. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि युरॉलॉजिस्ट यांनी मिळून ठरवायचं.

बाकीचे गैरसमज झटपट. जास्त वॅटचं मशीन म्हणजे कमी रक्त? नाही, मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. पाणी कमी प्यायलं की रक्त कमी? उलट, गुठळी होऊन नळी तुंबते. लेझर झालं की कॅन्सरची काळजी मिटली? ग्रंथीचा बाहेरचा भाग आतच राहतो, त्यामुळे पीएसए ही रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवायची. पुरुषत्व जातं? ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही. वीर्य मात्र अनेकांच्या बाबतीत मागे मूत्राशयात जातं, आणि तेही फक्त लेझरमुळे नव्हे, टीयूआरपीनंतरही.

ऑपरेशनची तारीख घेताना दोन प्रश्न विचारा: माझ्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, आणि रात्री-अपरात्री रक्त आलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? घरी आल्यावर गुठळ्या पडू लागल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.