आधी बघायचं, मग हात लावायचा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला पांढरा उंदीर कसा उचलायचा ते शिकवलं गेलं. शिकवलं ते प्रयोगशाळेतल्या मामांनी. शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरायचं आणि सरळ वर उचलायचं. उंदीर हवेत चारी पाय ताणायचा, अंग पिळायचा, बऱ्याचदा टेबलावर लघवी करायचा. आम्ही नाकं मुरडायचो. ती घाण नाही, भीती आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खरं तर माझ्या डोक्यात यायला हवं होतं. माझे वडील तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. कुणाच्या गोठ्यात गेले की ते आधी दारातच थांबायचे. गायीचे कान कसे आहेत, नाकपुडी ओली आहे की कोरडी, रवंथ चालू आहे का, कुठला पाय टेकवत नाही, हे सगळं लांबून पाहून घ्यायचे. शेतकरी घाई करायला लागला तर म्हणायचे, "आधी बघायचं, मग हात लावायचा." आपण गायीजवळ गेलो की गाय बदलते आणि मग दिसायचं ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

वडिलांचा गोठा आणि माझी प्रयोगशाळा या दोन गोष्टी माझ्या मनात कधी जवळ आल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी त्या जवळ आणल्या एका शोधनिबंधाने. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिलं, की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळतात आणि जास्त भेदरलेले राहतात. तेच उंदीर प्लास्टिकच्या नळीत शिरू देऊन उचलले किंवा ओंजळीत घेतले, तर थोड्याच दिवसांत ते आपणहून हाताजवळ येतात. पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. शेपटीने उचललेला उंदीर वर्तनाच्या चाचणीत नीट फिरतच नाही, समोरची वस्तू हुंगतच नाही. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत ज्याला उंदराची बुद्धी किंवा स्मरणशक्ती म्हणून मोजलं गेलं, त्यात उंदराची धास्ती किती मिसळली होती हे आता वेगळं काढता येणं कठीण आहे. एका नळीची किंमत ती काय!

विद्यापीठातल्या प्रयोगांसाठी ठेवलेल्या प्राण्यांचा डॉक्टर नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला मी त्या निबंधापासून सुरुवात केली. माझी मावसबहीण एका विद्यापीठाच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पशुवैद्य आहे. नातेवाईक तिला विचारतात, "तिथे तुझं काय काम? शेवटी मारायचेच ना ते?" हा प्रश्न तिला लागतो आणि तो लागावा असाच आहे. वडिलांकडे जनावर घेऊन येणाऱ्याला ते बरं व्हायला हवं असायचं. इथे प्राण्याला मुद्दाम आजार दिलेला असू शकतो. गाठ वाढवलेली असते, साखर वाढवलेली असते, हाड मोडून जोडलेलं असतं. तो आजार बरा करणं हे डॉक्टरचं काम नाही. तिचं काम आजाराच्या भोवतीचं सगळं पाहणं. प्रयोगाला ज्याची गरज नाही असं एकही दुखणं प्राण्याच्या वाट्याला येऊ नये आणि प्रयोगाला ज्याची गरज आहे त्यालाही एक हद्द असावी, यासाठी ती तिथे असते.

हे वैद्यक शिकायला सोपं नाही. मराठीत माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीर. डॉक्टरला मात्र दोन्ही वेगळे धरून चालावं लागतं. पंचवीस ग्रॅमच्या लहान उंदराच्या अंगात जेमतेम दोन मिलिलिटर रक्त असतं. एका वेळी त्याचा दहावा भाग घेतला, तर ते चार-पाच थेंब भरतात. हृदय मिनिटाला पाच-सहाशे ठोके देतं. औषध इतक्या झपाट्याने पचतं, की वजनाच्या हिशेबाने मात्रा माणसापेक्षा कितीतरी जास्त लागते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर अंग मिनिटांत गार पडतं म्हणून खाली ऊब द्यावी लागते. भुलीत डोळे उघडेच राहतात, त्यात मलम घालावं लागतं. भूल देण्याआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात. उंदराला उलटीच होत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट उपासाने तो ढासळतो. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं. खाद्याचे पेलेट जुने झाले, तर पोटभर खाऊनही त्याला स्कर्व्ही होऊ शकतो.

सगळ्यांत अवघड म्हणजे दुखणं ओळखणं. उंदीर हे दुसऱ्याचं भक्ष्य असलेलं जनावर. दुखतंय हे दाखवलं की घारीला नाहीतर मांजराला आमंत्रण. म्हणून तो कण्हत नाही, लंगडत नाही, कोपऱ्यात पाठ फुगवून बसतो. पुष्कळ संशोधकांनी याचा सोयीचा अर्थ लावला, की त्याला फारसं दुखत नसावं. इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठातले पशुवैद्य पॉल फ्लेकनेल यांनी या समजुतीशी आयुष्यभर झुंज दिली. उंदरांवर शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध झालेले निबंध त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेदनाशामक दिल्याची नोंद शंभरातल्या जेमतेम तीन निबंधांत सापडली. दहा वर्षांनी तो आकडा वीसच्या आसपास गेला. पोट उघडून शिवलेल्या प्राण्यांची ही गोष्ट आहे. हे आकडे वाचून मी निबंध बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही वाचू शकले नाही.

मग २०१०मध्येच कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने उंदराच्या चेहऱ्याचं कोष्टक तयार केलं. डोळे किती मिटलेत, नाकावर फुगवटा आहे का, गाल फुगलेत का, कान मागे वळलेत का, मिशा कशा आहेत. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. पुढच्या वर्षी मोठ्या उंदराचं कोष्टक आलं आणि त्यात दिसलं, की वेदनेत लहान उंदराचं नाक फुगतं, तर मोठ्याचं चपटं होतं. चेहरा पूर्वीही तोच होता. त्याच्याकडे इतका वेळ कुणी पाहिलं नव्हतं. वडिलांना हे कोष्टक दाखवायला मिळालं असतं, तर ते म्हणाले असते, यात नवीन काय? आणि मग ते तासभर वाचत बसले असते.

मोगिल यांच्याच गटाने २०१४ साली आणखी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. खोलीत पुरुष असला, किंवा त्याने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवलेला असला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्या ताणापोटी वेदनेची लक्षणं दबतात. म्हणजे दुखतंय का हे पाहायला आत येणाऱ्या माणसामुळेच दुखणं लपतं! आता कॅमेऱ्यातून पाहतात, काचेबाहेरून पाहतात. घरट्यासाठी कापसाचा तुकडा टाकून तो उंदीर किती वेळात ओढून नेतो तेही पाहतात. बऱ्या उंदराला कापूस तसाच पडलेला राहवत नाही. दुखणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. औषध दिल्यावरही पाहणं संपत नाही. ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाने वेदना कमी होते, पण मोठे उंदीर कधीकधी खालचा भुसाच खायला लागतात. तेव्हा ते अन्न न खाण्याचं कारण दुखणं की औषध, हे डॉक्टरलाच ठरवावं लागतं.

अशा डॉक्टरची नेमणूक करायची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकने १९१५मध्ये सायमन ब्रिमहॉल या पशुवैद्याला प्रयोगाच्या प्राण्यांसाठी नेमलं, तो या व्यवसायाचा आरंभ मानतात. १९४५मध्ये शिकागो विद्यापीठात नेथन ब्रुअर हे काम पाहू लागले. त्या शहरातले असे मोजके पशुवैद्य एकमेकांना भेटत, अनुभव सांगत. त्यातूनच १९५०ची पहिली संघटना उभी राहिली. पण प्रयोगाच्या प्राण्यांसाठी कायदा यायला एका कुत्रीची गोष्ट घडावी लागली. १९६५च्या उन्हाळ्यात पेन्सिल्व्हेनियातल्या एका घरातली पेपर नावाची डाल्मेशियन हरवली. प्राणी विकणाऱ्या दलालाच्या हातून ती न्यू यॉर्कच्या रुग्णालयात पोचली आणि घरच्यांना पत्ता लागेपर्यंत प्रयोगात मेली होती. पुढच्या फेब्रुवारीत 'लाइफ' साप्ताहिकाने दलालांच्या आवारातली छायाचित्रं छापली आणि २४ ऑगस्ट १९६६ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. वेदना होणाऱ्या प्रयोगाचा आराखडा आखतानाच पशुवैद्याचा सल्ला घेतला पाहिजे, हे बंधन १९८५च्या दुरुस्तीने आलं. ब्रिटनने १९८६च्या कायद्यात प्रत्येक संस्थेला नाव नोंदवलेला पशुवैद्य सक्तीचा केला. मात्र प्रयोगासाठी वाढवलेले उंदीर आणि पक्षी अमेरिकेच्या त्या मूळ कायद्यात आजही बसत नाहीत. सरकारी निधीच्या वेगळ्या नियमांनी त्यांना आसरा दिला आहे. ज्यांची संख्या सगळ्यांत जास्त, त्यांनाच कायद्याच्या दाराबाहेर ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

आपला कायदा या बाबतीत जास्त उदार आहे आणि त्यामागे आहेत रुक्मिणीदेवी अरुंडेल. कलाक्षेत्र उभारणाऱ्या या नृत्यांगना राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणलं. सरकार स्वतः कायदा करेल या नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतलं. आश्वासन पाळलं गेलं, १९६०चा कायदा झाला. त्यातलं सतरावं कलम मी अनेकदा वाचलं आहे. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रपटाने शिकवता येत असेल तिथे प्राणी वापरू नये, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, निव्वळ हाताची सफाई यावी म्हणून प्रयोग करू नये. १९६४मध्ये देखरेखीची केंद्रीय समिती बसली आणि १९९८च्या नियमांनी प्रत्येक संस्थेला स्वतःची प्राणी नैतिकता समिती बंधनकारक झाली. समितीच्या आठ जणांत एक पशुवैद्य असलाच पाहिजे. नंतरच्या दुरुस्तीने प्रयोगानंतरच्या सांभाळाची आणि पुनर्वसनाची जबाबदारी संशोधकावर आली, त्याचा खर्चही संशोधनाच्या खर्चातच धरायचा. जगाने १९५९पासून रसेल आणि बर्च यांची तीन तत्त्वं घोकली : प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आपण त्यात पुनर्वसनाचं चौथं जोडलं, याचा मला अभिमान वाटतो.

आठांत एक मत म्हणजे किती, असंही वाटतं. पण समितीच्या बैठकीत अर्ज वाचताना बाकीचे विचारतात, निष्कर्ष काय निघेल? पशुवैद्य विचारते, चोविसाव्या तासाला हा प्राणी कसा असेल? वजन किती टक्के घटलं की प्रयोग थांबवणार? रात्री कोण बघणार? तीस प्राणी का, अठरात का भागत नाही? मरण हाच शेवट धरून बसण्याऐवजी त्याआधीची कुठली खूण शेवट म्हणून चालेल? या प्रश्नांना उत्तर मिळेपर्यंत तिने सही करू नये आणि तिच्या सहीवाचून काम सुरू होऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. ती पगार त्याच विद्यापीठाचा घेते, म्हणून तर तिच्या नकाराला वरून आधार हवा.

हे प्रश्न कागदावरचे नाहीत, हे २०२०मध्ये आपल्या घराजवळच दिसलं. कोव्हॅक्सिनची परीक्षा घ्यायला माकडं हवी होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या लोकांना टाळेबंदीत ती शोधावी लागली. रस्त्यावर खायला मिळेना म्हणून माकडं रानात गेली होती. वनखात्याच्या मदतीने शेवटी ती नागपूर भागात मिळाली. वीस माकडं, पाच-पाचांचे चार गट. तीन गटांना लशीचे वेगवेगळे प्रकार, चौथ्याला नुसतं द्रावण. नंतर सगळ्यांच्या नाकात आणि श्वासनलिकेत विषाणू सोडला. लस न मिळालेल्या पाचांना न्यूमोनिया झाला. आपल्यापैकी अनेकांच्या दंडात गेलेल्या सुईमागे ती वीस रानटी, पिंजऱ्याची सवय नसलेली माकडं आहेत. त्यांच्या भुलीची, एक्स-रेची, खाण्यापिण्याची काळजी कुणीतरी अंगभर पोशाख चढवून, त्या सीलबंद खोल्यांत घेतली.

आणि शेवट. प्रयोगशाळेच्या वहीत 'सॅक्रिफाइस केले' असं लिहितात. आपल्याकडे बळी हा शब्द देवापुढचा आहे, तो इथे येताना मला खटकतो, पण 'मारले' लिहिण्यापेक्षा लिहिणाऱ्याला तो सोसत असावा. मावसबहीण म्हणते, त्या दिवशी ती स्वतः खाली जाते, विद्यार्थ्यांवर सोपवत नाही. त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही, एकाच्या समोर दुसऱ्याला न्यायचं नाही. जपानमधल्या अनेक विद्यापीठांत दरवर्षी प्रयोगात मेलेल्या प्राण्यांसाठी 'इरेईसाई' हा स्मरणविधी होतो. प्राध्यापक, विद्यार्थी, पिंजरे धुणारे, सगळे उभे राहतात. पोळा आणि वसुबारस पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागू नये.

दिवाळीत विद्यापीठ बंद असतं, अ‍ॅनिमल हाऊस नसतं. बारा तास उजेड, बारा तास अंधार, पाण्याच्या बाटल्या, भुसा, सगळं तसंच. आपल्याला ऐकू न येणारे कितीतरी आवाज उंदराला ऐकू येतात. दणक्याने घाबरलेली बाळंतीण मादी कधीकधी स्वतःची पिल्लं खाऊन टाकते. गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी मावसबहिणीला फोन केला, तेव्हा ती तिथेच होती. गावात फटाके सुरू झाले होते. "ताई, थोड्या वेळाने करते," ती कुजबुजली. "तीन माद्या आज व्यायल्यात. मी काचेबाहेर उभी आहे. घरटं झाकून बसल्यात, पण एकीने कापूस बाजूला सारलाय."

मी विचारलं, आत जाणार का.

"अजून नाही. बघतेय."