उरवडे ते सिंगापूर : प्रवास नेमका किती तासांचा?

मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. तिकिटावर मात्र ‘रात्री ११.३० ते सकाळी ७.३०’ असे काहीतरी छापलेले असते आणि घरची मंडळी आठ तास मोजतात. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, हे लक्षात येत नाही.

पण पायांच्या दृष्टीने साडेपाच काय आणि आठ काय, दोन्ही आकडे चुकीचेच!

समजा, मुळशी तालुक्यातल्या उरवडे गावातून साठीचे जोडपे मुलीच्या बाळंतपणासाठी निघाले आहे. पिरंगुट, चांदणी चौक, मग द्रुतगती मार्ग असे मुंबई विमानतळापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर. चार-साडेचार तास धरावेच लागतात. त्यानंतर विमानतळावर तीन तास, विमानात साडेपाच, उतरल्यावर तासभर. दुपारी चारला गाडीत बसलेली माणसे चौदा तासांनी मुलीच्या दारात पोहोचतात. यातला बहुतेक वेळ ती बसूनच असतात.

पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम चालताना पोटरीचे स्नायू करतात. तासन् तास बसल्यावर हा पंप थंडावतो, रक्त साकळते आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. याचा उंचीशीच संबंध असतो असे नाही. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना आसऱ्याच्या जागी रात्रभर खुर्च्यांत बसून राहिलेल्या लोकांचे असे मृत्यू झाले. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले, की चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे, बस की मोटार. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढाच असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच गुडघ्याची किंवा अन्य मोठी शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

काळजी मोटारीपासूनच सुरू करावी. खालापूरच्या फूड मॉलवर चहा गाडीत मागवू नये, उतरून दहा मिनिटे चालावे. विमानात पावले वर-खाली हलवत राहावी, तासा-दोन तासांनी उठावे. शौचालयाला जावे लागेल म्हणून पाणीच न पिण्याची आपल्याकडच्या बायकांची सवय इथे नडते. झोपेची गोळी टाळावी, कारण तिच्या अमलात माणूस हलतच नाही. ‘रक्त पातळ राहील’ म्हणून शेजाऱ्याने दिलेली ॲस्पिरिनही नको.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते.

हा धोका प्रवासानंतर सुमारे चार आठवडे राहतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट मोठ्या रुग्णालयात. आणि ‘पाय मुरगळला असेल’ म्हणण्याआधी प्रवास केल्याचे सांगावे, उरवड्यापासूनचे तास मोजून.